संदर्भ आणि साक्ष

'रघुवंशा'वरील 'संजीवनी' टीकेच्या प्रारंभी मल्लिनाथाने स्वतःवर दोन बंधने घालून घेतली आहेत. आधारावाचून काही लिहायचे नाही, हे पहिले. आणि अपेक्षित नसलेले काही सांगायचे नाही, हे दुसरे. आधुनिक संशोधनव्यवहाराने पहिल्या बंधनाला तळटीप आणि संदर्भसूची यांच्या रूपाने संस्थात्मक आकार दिला. दुसऱ्याचे स्मरण मात्र त्याला फारसे राहिले नाही. संदर्भव्यवस्थापन करणाऱ्या संगणकीय आज्ञावलींनी विद्यापीठीय लेखनात जो बदल घडवून आणला आहे, त्याचा नैतिक विचार ही दोन्ही बंधने समोर ठेवूनच करावयास हवा.

या आज्ञावलींचे कार्य वरकरणी केवळ यांत्रिक आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात विकसित होऊन २००६ साली प्रसृत झालेल्या 'झोटेरो'चे उदाहरण घेता येईल. पडद्यावर एखादा लेख वा ग्रंथालयीन नोंद उघडून कळ दाबली, की लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष हा तपशील संग्रहात जमा होतो. लेखनात हव्या त्या जागी संदर्भ बसतो आणि शेवटी सूची सिद्ध होते. चिठ्ठ्या अकारविल्हे लावण्याच्या श्रमात स्वतंत्र असे ज्ञान नव्हते. ते श्रम वाचले याची खंत बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. चिठ्ठी बहुधा पुस्तक हाताशी असताना लिहिली जाई. नोंद वाचनामागून येई. आता ती वाचनाच्या आधी येऊ शकते, आणि कित्येकदा वाचनाची जागाच घेते.

संदर्भ देणे या एका कृतीत वस्तुतः दोन कृती सामावलेल्या असतात. एक ऋणनिर्देशाची : हा विचार अमुक व्यक्तीचा आहे. दुसरी साक्षीची : तो तेथे आहे, हे लेखकाने स्वतः पाहिले आहे. पहिली यंत्राकडे सोपवता येते, दुसरी येत नाही. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, नुसत्या नामोच्चाराने नव्हे, ही परंपरागत धारणा येथे ध्यानी घेण्याजोगी आहे.

यावर असा आक्षेप येईल की, न वाचता संदर्भ देण्याची प्रथा यंत्राने निर्माण केलेली नाही. आक्षेप रास्त आहे. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघा अभ्यासकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात संदर्भांतील मुद्रणदोषांचाच मागोवा घेतला. एका विख्यात शोधनिबंधाच्या सुमारे ४,३०० उल्लेखांपैकी १९६ सदोष होते. पण परस्परांहून भिन्न असे दोष केवळ ४५, आणि पृष्ठांकाचा एकच दोष ७८ वेळा आलेला. एवढे लेखक स्वतंत्रपणे तीच चूक करणे संभवत नाही. त्यांनी ती दुसऱ्याच्या सूचीतून उचलली असली पाहिजे. यावरून, संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे वीस टक्केच मूळ लेखन वाचतात, असे अनुमान त्यांनी काढले. या अनुमानाच्या नेमकेपणाविषयी वाद घालता येईल. परंतु त्याची तर्कपद्धती अर्थपूर्ण आहे. तीत मुद्रणदोष हा अवाचनाचा साक्षीदार ठरतो.

आज्ञावलीने नेमका हाच साक्षीदार नाहीसा केला. मूळ विदागारातून आलेली नोंद बहुधा निर्दोष असते. वाचलेल्या आणि न वाचलेल्या ग्रंथाची नोंद सूचीत सारख्याच नेटकेपणाने उभी राहते. बाह्य तपासणीही येथे उपयोगी पडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत साधर्म्य मोजताना संदर्भसूची वगळली जाते. ते योग्यच आहे. पण त्यामुळे सूचीच्या प्रामाणिकपणाला लेखकाच्या विवेकाखेरीज दुसरा रक्षक उरत नाही.

यंत्र जेथे अडखळते, तेथे हा विवेक जागा होण्याची संधी असते. मराठीच्या अभ्यासकाला ती वारंवार मिळते. नोंदीत आडनावाचा आणि नावाचा रकाना स्वतंत्र असतो. ज्ञानदेवांना कोणत्या रकान्यात बसवायचे? 'ग्रेस' या नावाखाली नोंद करायची की माणिक गोडघाटे या नावाखाली? 'ज्ञानेश्वरी'चे शके १२१२ वर्षाच्या रकान्यात लिहायचे, की इसवी सन १२९०, की हाताशी असलेल्या मुद्रित प्रतीचे साल? प्रत उघडून पाहिल्यावाचून यातील शेवटच्या प्रश्नाचे तरी उत्तर देता येत नाही. जेथे नोंद विनासायास होते, तेथे असा थांबा येत नाही. तो लेखकालाच आणावा लागतो.

तेव्हा आज्ञावली त्याज्य ठरवण्याचे कारण नाही. तिने सुकर केलेली गोष्ट आणि तिच्या कक्षेबाहेरची गोष्ट यांची गल्लत मात्र होता कामा नये. दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतलेला उतारा तसा घेतल्याचे सांगणे, आणि न वाचलेली नोंद सूचीतून खोडणे, एवढे करण्यास कोणतेही यंत्र अडवत नाही. आधारावाचून काही न लिहिण्याची सोय आता मुबलक झाली आहे. म्हणूनच अपेक्षित नसलेले न सांगण्याचे मल्लिनाथाचे दुसरे बंधन पाळणे आज अधिक निकडीचे झाले आहे.