खाकी कागदातलं पुस्तक

अशी कल्पना करा, की ग्रंथालयात शिरल्या शिरल्या समोर एक टेबल आहे. त्यावर विझलेला कंदील आणि एक पाटी : 'लाइट गेल्यावर वाचू नये'. कंदिलाभोवती नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं. शेजारच्या टेबलावर खाकी कागदात गुंडाळलेली सात-आठ पुस्तकं. वर ना पुस्तकाचं नाव, ना लेखकाचं. स्केचपेननं एवढंच लिहिलेलं : 'बंद खोली. एक पत्र. खोटं बोलणारा डॉक्टर.' वाटलं तर न उघडता घरी न्यायचं.

परदेशातल्या अनेक ग्रंथालयांत हा प्रकार 'ब्लाइंड डेट विथ अ बुक' या नावानं चालतो. त्याला लागतं काय? कागद, चिकटपट्टी आणि ती पुस्तकं खरोखर वाचलेला एक माणूस.

आपल्याकडे हे सुचवलं, की दोन आक्षेप येतात. एक, ही दुकानदारी झाली. ग्रंथालय म्हणजे मॉल नाही. दोन, मांडायचंच तर चांगलं साहित्य मांडा, भुतंखेतं आणि खून कशाला? दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे : दुसऱ्यानं काय वाचावं यात आपण किती हात घालायचा?

आधी दुसरा आक्षेप घेऊ. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. वि. स. खांडेकर याच शहरात राहिले, 'स्वामी'चे रणजित देसाई कोवाडचे, 'मृत्युंजय'चे शिवाजी सावंत आजऱ्याचे. शिवजयंतीला एखाद्या वाचनालयानं ऐतिहासिक कादंबऱ्यांचं टेबल मांडलं, तर कुणाच्या कपाळावर आठी येणार नाही. पण ऐतिहासिक कादंबरी हाही जॉनरच आहे. तिचे ठरलेले रस आहेत, ठरलेले प्रसंग आहेत, आणि ते मिळणार हे माहीत असतं म्हणूनच वाचक तिच्याकडे जातो. रहस्यकथेचा वाचकही तेच करतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचणाऱ्या पिढीला 'झुंजार' घरच्या माणसासारखा माहीत होता. एका टेबलाला आपण संस्कार म्हणतो आणि दुसऱ्याला टाइमपास. हा फरक पुस्तकं वाचून ठरलाय की नुसत्या लेबलावरून, हे तपासायला हवं.

लेबलाची ताकद किती असते, हे कोल्हापुरात जन्मलेल्या एका माणसाला चांगलंच ठाऊक होतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे एका अर्थानं त्यांनी आपली कथा खाकी कागदात गुंडाळूनच परीक्षकांच्या टेबलावर ठेवली होती. पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. विज्ञानकथेला तिथवर पोचायला जवळपास अर्धं शतक लागलं.

मला जास्त खटकतो तो जॉनरच्या बाजूनं केला जाणारा एक युक्तिवाद. 'पोरांना आधी थ्रिलर द्या, सवय लागली की आपोआप खांडेकरांकडे वळतील.' वरवर उदार वाटणाऱ्या या वाक्यात वाचकाचा अपमान आहे. त्यात धारप हे गळाला लावलेलं आमिष ठरतात आणि वाचक मासा. म्हणून माझी कसोटी साधी आहे : हा वाचक पुढे कुठेच 'वर' चढला नाही, आयुष्यभर रहस्यकथाच वाचत राहिला, तरी टेबल मांडणाऱ्याला आनंद होईल का? होणार असेल तर ते टेबल हे आमंत्रण आहे. नसेल, तर तो सापळा आहे.

आता पहिला आक्षेप, दुकानदारीचा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तुम्ही स्क्रीनवर जास्त वेळ थांबावं म्हणून किती गोष्टी मोजता येतात, हे मला माहीत आहे. त्यामुळे 'लक्ष वेधणं' म्हटलं की मीही सावध होतो. पण फोनमधलं टेबल फक्त तुमच्यासाठी मांडलेलं असतं. ते कुणी मांडलं आणि का, हे तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्ही काय उचललंत यावरून ते पुन्हा बदलतं. ग्रंथालयातलं टेबल सगळ्यांसाठी एकच असतं. मांडणारा काउंटरमागे बसलेला असतो. त्याला विचारता येतं, त्याच्याशी भांडता येतं. टेबल ओलांडून सरळ आपल्या कपाटाकडे गेलं, तर कुणी मागे लागत नाही.

शिवाय टेबल नसतं तेव्हा निवड मोकळी असते, असंही नाही. अजूनही अनेक वाचनालयांत पुस्तकाचं नाव काउंटरवर सांगावं लागतं. ज्याला नावं माहीत आहेत त्यालाच पुस्तक मिळतं. 'भुताचं काहीतरी द्या' असं चारचौघांत म्हणायला संकोचणारा पोरगा तसाच परत जातो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक हा एक आहे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक हा दुसरा. या पोराच्या बाबतीत दोन्ही मोडतात. टेबल त्याचा संकोच घालवतं. त्याला तोंडानं काही मागावं लागत नाही, फक्त उचलावं लागतं.

अर्थात कागदालाही पथ्यं हवीत. नाव झाकणं चालेल, पण धोका झाकणं नाही. पुस्तकात लहान मुलावरचा अत्याचार असेल, तर कागदावर तसा इशारा हवा; गंमत म्हणून नेलेलं पुस्तक कुणाच्या जखमेवर जाऊ नये. खोटं लिहायचं नाही. संथ कादंबरीवर 'श्वास रोखून धराल' असं लिहिलं, तर पुढच्या वेळी त्या टेबलाजवळ कुणी थांबणार नाही. आणि न वाचलेलं पुस्तक गुंडाळायचं नाही. ही तीन बंधनं पाळली, की दुकानदारीचा आक्षेप बराचसा गळून पडतो. कारण विकणाऱ्याला माल माहीत असलाच पाहिजे असं नाही. शिफारस करणाऱ्याला तो माहीत असावाच लागतो.

'तुंबाड' बघून आल्यावर धारपांचं नाव गुगल केलेले माझे कितीतरी मित्र आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या घरापासून वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढच्या सुट्टीत आपल्या भागातल्या ग्रंथपालांना विचारून बघा, एक टेबल द्याल का म्हणून. खाकी कागद आपण न्यायचा. फक्त त्यावरचे शब्द लिहिण्याआधी ते पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असू द्या.