मिटलं

अण्णांच्या तेराव्याला बीटमधल्या गावांची माणसं जीप करून आली. जेवली, फोटोला हात जोडले आणि निघताना बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली : "हवालदारसाहेबांनी आमचं भांडण कधी वर जाऊ दिलं नाही. जाग्यावर मिटवलं." मी वकील आहे, त्यातही नवराबायकोच्या भांडणांची. हे वाक्य कौतुकाचं की तक्रारीचं, याचा निवाडा मी गेली तीस-पस्तीस वर्षं करते आहे. तो दर काही वर्षांनी फिरतो.

अण्णा, माझे वडील, पोलिसात शिपाई म्हणून भरती झाले आणि नाईक, हवालदार करत सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात गेली. आईला दम्याचा त्रास, म्हणून रात्रपाळीहून आले की वर्दीतच पाटावर बसून माझ्या दोन वेण्या घालायचे. इतक्या घट्ट, की शाळेत दुपारपर्यंत भुवया वर चढलेल्या राहायच्या. गणपतीत बंदोबस्त, दिवाळीत बंदोबस्त, आषाढीला पंढरपूर. कितीतरी वाऱ्या झाल्या, पण दर्शन बहुतेक कळसाचंच.

लहानपणी 'मिटवणं' हा मला अण्णांच्या अंगचा गुण वाटायचा. बांधावरून डोकी फुटायची वेळ आलेले दोन भाऊ आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर चहा पिऊन एकाच सायकलवरून परत जाताना मी पाहिलेत. वर्गात कुणी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर मी 'पोलीस आहेत' म्हणायची नाही. 'भांडणं मिटवतात' म्हणायची.

पुण्याला लॉ कॉलेजात गेले आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलमं १५४ आणि १५५ एकापाठोपाठ वाचली. दखलपात्र गुन्हा असेल तर फिर्याद लिहून घ्यायची आणि तपासाला लागायचं. अदखलपात्र असेल तर वहीत सारांश टिपायचा, फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचं आणि त्यांच्या हुकमाशिवाय तपासाला हात लावायचा नाही. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी. ठाण्यात हे मंत्रासारखं म्हणायचे : तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा. गावातली निम्मी दुःखं या तीन आकड्यांत बसायची, आणि नेमकी त्यांचीच सरकार आपणहून दखल घ्यायचं नाही.

हे असं का, ते इतिहासात दिसतं. पोलिसांचा कायदा आणि फौजदारी प्रक्रियेची पहिली संहिता, दोन्ही १८६१ सालच्या. सत्तावन्नच्या उठावाला जेमतेम चार वर्षं झाली होती. त्या सरकारला राज्य शाबूत ठेवायचं होतं. कोण कोणाच्या कानाखाली मारतो, याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नव्हतं. ते काम चावडीवरच्या वतनदार पाटलाचं. पुढे वतनं गेली, १९६७च्या कायद्याने सरकारने नेमलेले पोलीस पाटील आले, पण मधली ती रिकामी जागा तशीच राहिली. त्या जागेत उभा राहायचा बीटचा हवालदार. अण्णा मिटवायचे ते कायद्याने सांगितलेलं नव्हतं आणि नीट मना केलेलंही नव्हतं.

तेव्हा मला एवढं सगळं दिसलं नाही. दिसलं ते एकच, की वहीतल्या नोंदीला निदान तारीख असते, ओट्यावरच्या चहाला काहीच नसतं. भाऊभाऊ बरोबरीचे असतात, नवराबायको नसतात. १९८३ला सासरच्या छळाचं कलम ४९८-अ आलं होतं. त्यातही गंमत अशी, की सहसा बाईने स्वतः किंवा तिच्या नात्यातल्या माणसाने सांगितलं तरच ते दखलपात्र. म्हणजे तिला आणि तिच्या माणसांना बोलू न देणं एवढंच पुरे. १९९०च्या दिवाळीत जेवताना मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही भांडण मिटवत नव्हता. बाईचं तोंड मिटवत होता."

अण्णांनी ताटात हात धुतला आणि उठले. आई म्हणाली, "त्यांना पाण्याचं विचार एकदा."

विचारायची गरज पडली नाही. मला आठवलं.

शाळेला सुट्टी असली की सायकलच्या दांडीवर बसवून ते मला बीटवर न्यायचे. ठराविक घरांपुढे उतरायचे, घंटी वाजवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, पाणी द्या जरा." मला वाटायचं, अण्णांना फार तहान लागते. ती घरं मिटवलेल्या भांडणांची होती. तांब्या घेऊन बाई दारात आली की तिचा चेहरा, हात, चाल दिसायची. पाणी पिता पिता एक-दोन वाक्यं व्हायची. आठ दिवसांनी, मग महिन्याने, मग सणाला. मिटलं म्हणजे संपलं, असं त्यांच्या लेखी नव्हतं.

पण ओढ्यापलीकडे एक घर होतं. तिथे तांब्या दिरानं आणला. वर गुळाचा खडा. तो मी खाल्ला. पुढच्या खेपेला परत दीर, परत गूळ. "वहिनी पाण्याला गेल्यात." तिसऱ्या खेपेलाही तेच. अण्णांनी तांब्या परत दिला, रिकाम्या चुलीकडे पाहिलं आणि सायकल वळवली. चौथ्यांदा गेलो तेव्हा विहिरीवर गर्दी होती आणि त्यांनी मला लांबच, बाभळीखाली उतरवलं.

आई म्हणाली, त्यानंतर अण्णा बाईमाणूस आलं की आधी वही उघडायचे. अदखलपात्र तर अदखलपात्र, पण लिहायचे, नक्कल तिच्या हातात द्यायचे. मिटवणं सोडलं नाही. मी जेवताना जे बोलले, ते त्यांनी स्वतःला कितीतरी वर्षं आधी म्हणून घेतलं होतं.

२००७ला तंटामुक्त गाव मोहीम आली, तेव्हा अण्णा निवृत्त होते. मला वाटलं, खूष होतील. ते म्हणाले, "बक्षीस लागलं की भांडण मिटत नाही, दडतं." २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात सांगितलं, की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद केलीच पाहिजे. ते ऐकून मी त्यांना मोठ्या उत्साहाने फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चांगलं झालं. आणि माणसं किती वाढवून दिली?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. जुलै २०२४ पासून संहिता बदलल्या, १५५चं १७४ झालं, ३२३चं ११५. आतला मजकूर वाचून दाखवला असता, तर अण्णांना तो ओळखीचा वाटला असता.

माझ्या ऑफिसातही बऱ्याच केसेस मिटतात. समजुतीचा कागद होतो, दोघं सह्या करतात, बाई नांदायला जाते. मी आठव्या दिवसाला डायरीत नाव लिहून ठेवते आणि फोन करते. कामाच्या गर्दीत काही फोन राहून जातात, खोटं कशाला सांगू. गेल्या आठवड्यात एक राहिलेला फोन केला. नवऱ्याने उचलला. फार अदबीने बोलत होता.

"मॅडम, सगळं छान आहे. ती जरा पाणी भरायला गेलीय."

"असू दे," मी म्हटलं, "मी थांबते. फोन चालूच ठेवा."