माहुलमध्ये बसून नरकाचं मनन

मननाला बसताना आधी श्वासाकडे लक्ष द्या, असं सांगतात. मुंबईतल्या माहुलमध्ये तेवढंच जड जातं. एका अंगाला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या, आणि मधे प्रकल्पग्रस्तांसाठी उभ्या केलेल्या 72 इमारती. तरी बसा. श्वास येतो तसा येऊ द्या.

तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून 2017 पासून हजारो कुटुंबांना इथं आणलं. या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादानं त्याआधीच, 2015 मध्ये नोंदवलं होतं. नरकात आणून टाकलं, असं इथली माणसं म्हणत आली. त्यांचं म्हणणं मनात राहू द्या. त्यावर लगेच काही बोलू नका.

आता मनानं यरुशलेमला चला. शहराच्या दक्षिणेला हिन्नोमचं खोरं आहे. नरकाबद्दल बोलताना येशू गेहेन्ना म्हणून त्याच खोऱ्याचं नाव घेतो. आहाज आणि मनश्शे या राजांच्या काळात तिथं पोटची लेकरं आगीत अर्पण केली गेली. असलं काही आपण कधी सांगितलं नाही, ते आपल्या मनातही आलं नव्हतं, असं देव यिर्मयाच्या पुस्तकात त्याबद्दल म्हणतो. इथं थांबा. ती आग माणसांनी पेटवली होती. लेकरं जळावीत हे ज्याच्या मनाला शिवलं नाही, तो आपल्याच लेकरांना अनंतकाळ जळत ठेवील का?

हा प्रश्न आपल्या मराठी माणसानंही विचारला आहे. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे तरुणपणी ख्रिस्ती धर्माचं खंडन करत, तेव्हा न संपणारी शिक्षा हा त्यांचा एक मोठा आक्षेप होता. 1848 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, ते नेहेम्या गोरे झाले, पुढे धर्मगुरू झाले, आणि त्याच शिक्षेवरच्या आक्षेपांना त्यांनी उत्तर लिहिलं. 1895 मध्ये त्यांनी देह ठेवला तो मुंबईतच. मला त्यांचं उत्तर पटत नाही. त्यांचा तरुणपणचा प्रश्न मात्र माझ्या प्रार्थनेत रोज असतो.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतले ओरिगेन आणि निस्साचा ग्रेगरी यांना शेवटी सगळ्यांचंच तारण होईल अशी आशा होती. ग्रेगरीला मंडळी आजही संत मानते. ओरिगेनच्या नावावरची मतं सहाव्या शतकात धिक्कारली गेली. आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला अग्नी तर आहेच, तो पुसता येत नाही. तो अध्याय सावकाश वाचा. तिथं दोष कोणावर येतो? भुकेल्याला अन्न न देणाऱ्यावर, परक्याला घरात न घेणाऱ्यावर, आजाऱ्याकडे न फिरकणाऱ्यावर. माहुलमध्ये हे वाचताना अंगावर काटा येतो. ज्यांनी बेघरांना या हवेत धाडलं, ते सहज सुटावेत असं मला वाटत नाही.

सातव्या शतकातला ख्रिस्ती संन्यासी निनवेचा इसहाक इथं माझा हात धरतो. गेहेन्नातले लोक प्रेमाच्याच फटक्यांनी तळमळतात, असं तो म्हणतो. ज्यानं आपल्यावर प्रेम केलं त्याच्याशीच आपण वाईट वागलो, हे कळण्याइतकी दुसरी कुठलीही वेदना तीव्र नाही. देव सूड घेतो, हे त्याला मान्यच नव्हतं. ही वेदना खरी आहे, आणि तिला शेवट आहे.

येशू अधोलोकात उतरला, असं आपण मतांगीकारात म्हणतो. ते वाक्य आता मनात म्हणा. तो तिथं बंदिवान आत्म्यांकडे गेला, असं पेत्राचं पहिलं पत्र सांगतं. त्याच्या मागोमाग माहुलच्या एखाद्या इमारतीचा जिना चढा. पाणी नसलेला नळ, खोकणारी म्हातारी, बंद ठेवलेली खिडकी बघा. 2019 मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की लोकांना इथं राहण्याची सक्ती करता येणार नाही, भाड्याचे पैसे द्या. तरी कितीतरी जण मागे राहिले. एकेका दारापाशी थांबा.

मग लोकांना इथं धाडणाऱ्या कागदावर ज्यानं सही केली असेल, त्यालाही या खोलीत आणा. चेहरा ठाऊक नसला तरी चालेल. त्याला त्या म्हातारीसमोर बसू द्या, तिचं सगळं ऐकेपर्यंत. तिनं क्षमा करावी असा आग्रह धरू नका, तो आपला अधिकार नाही. तुम्ही दोघांसाठी प्रार्थना करा, आधी तिच्यासाठी. त्याच्यासाठी शब्द सुचले नाहीत, तर नुसतं बसून राहा.