पाप, यकृत आणि आण्णांची माळ

आण्णांनी तुळशीची माळ घातली त्या दिवशी आमच्या घरातला दारूचा प्रश्न मिटला. माझ्या गळ्यात माळ नाही. पोटात रोजची सुई आहे. शाळेत असतानाच टाइप वन डायबेटिस निघाला. तेव्हापासून घरात अधूनमधून ऐकू येतं, मागल्या जन्मीचं काहीतरी असेल.

याला धर्मशास्त्राचा आधार नाही असं नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरापान महापातकांत मोजलंय आणि सुरा पिणाऱ्याचे दात पुढं काळे निघतात, असंही सांगितलंय. रोग म्हणजे जुन्या पापाची खूण. पण टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, तेही पुष्कळदा लहान वयात. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी पोरं फार दिवस काढत नसत. नंतर जगायला लागली. मग सगळ्यांचं पाप एकदम 1922 लाच फिटलं म्हणायचं?

थंडीत सिरसाळ्याच्या शिवारात हुरड्याची आगटी पेटते, दोस्त जमतात, बाटली निघते. मी कधीमधी थोडी घेतो, आण्णांना माहीत आहे. दारू पोटात गेली की यकृत आधी तिच्यामागं लागतं आणि नवी साखर बनवण्याचं काम मागं पडतं. इतरांच्या अंगातलं इन्सुलिन अशा वेळी आपोआप कमी होतं. माझं संध्याकाळी टोचलेलं रात्रभर चालूच राहतं. पण शुगर सहसा पिताना उतरत नाही. दारू कोल्ड्रिंकमधून घेतली तर शुगर उलट आधी चढते. उतरते ती पहाटे, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा.

आण्णा म्हणाले, ‘‘बघ, कर्माचं फळ असंच उशिरा येतं.’’

ऐकायला पटतं. पण कर्माच्या फळात न्याय असतो, असं आण्णाच सांगतात. माझ्या दुप्पट पिणारा दोस्त सकाळी उठून फवारणीला जातो. उलट टाइप वनवाल्यानं निर्जळी एकादशी धरली आणि डोस नेहमीचाच घेतला, तर त्याचीही शुगर धाडकन खाली येईल. यकृताला पेला कळत नाही आणि एकादशीही कळत नाही.

मला चरक जवळचा वाटतो. मदात्ययाच्या अध्यायात तो म्हणतो की विधी, मात्रा, वेळ, हितकर अन्न आणि स्वतःचं बळ पाहून घेतलेलं मद्य अमृतासारखं, नाहीतर विष. (माझ्या डॉक्टरांच्या मते माझं बळ पाहता न घेतलेलीच बरी.) बुद्धी, धृती, स्मृती ढळल्यावर माणूस जे करतो त्याला तो प्रज्ञापराध म्हणतो. दारू नेमकी स्मृतीवर घाला घालते, आणि शुगर तपासायची आठवण स्मृतीकडंच असते. म्हणून माझी जबाबदारी पहिल्या घोटाच्या आधी सुरू होते. भाकरी खाऊन बसायचं, नुसत्या शेंगदाण्यावर भागवायचं नाही. झोपताना शुगर जास्त दिसली तरी वरचा डोस मारायचा नाही. रात्रीचा गजर, उशाशी ग्लुकोज. 70 च्या खाली दिसली तर 15 ग्रॅम, आणि 15 मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं.

पण बेशुद्धच पडलो तर? शुगर उतरलेला माणूस बरळतो, घामाघूम होतो, झोकांड्या खातो. त्यात तोंडाला वास आला की लोक निकाल देऊन मोकळे, ‘‘पिलंय, पडू द्या, सकाळी उतरंल.’’ त्यांनी मनू वाचलेला नसतो, तरी बोलतो मनूच. म्हणून दोस्तांना आधीच सांगून ठेवतो. उठत नसलो तर तोंडात साखर कोंबू नका, घुसमटेन. गाडी काढा आणि अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज गाठा. ग्लुकागॉनच्या सुईवरही विसंबू नका, तिला यकृतातलीच साखर लागते आणि ती तिथं उरलेली असेलच असं नाही.

पाप शोधायचंच तर मला ते इथं दिसतं, कुणाला न सांगता पिऊन झोपण्यात आणि पडलेल्याला वासावरून सोडून देण्यात.

आण्णांना हे मान्य नाही. ‘‘एवढी तयारी करून प्यायची, त्यापेक्षा न प्यालेलं सोपं नाही का?’’ याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. पण ‘‘आण्णा, हा मुद्दा सोयीचा झाला, पापाचा नाही,’’ एवढं मी त्यांना बोललो.