मनुष्यऋण आणि मूल सांभाळण्याचा खर्च

आईबाप कामावर असताना मूल सांभाळण्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न अर्थसंकल्पात हिशेबाचा म्हणून येतो. परंतु कोणाचे कोणाप्रती काय कर्तव्य आहे हे ठरल्याशिवाय तो हिशेब मांडताच येत नाही, म्हणून तो मुळात धर्मविचाराचा प्रश्न आहे. तैत्तिरीय संहितेने ब्राह्मणाला जन्मतःच तीन ऋणे सांगितली असून ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते, असे तिचे म्हणणे आहे. शतपथ ब्राह्मणाने हे बंधन अस्तित्वात असलेल्या प्रत्येकाला लावले, आणि त्यात चौथ्या, म्हणजे मनुष्यांच्या ऋणाची भर घालून ते इतरांना निवारा व अन्न देऊन फेडावे असे सांगितले. मूल जन्माला घातल्याने पितृऋण फिटते हे मान्य केले, तरी त्या मुलाला निवारा आणि अन्न मिळते की नाही, हा विषय चौथ्या ऋणात येतो, आणि ते ऋण एकट्या आईबापांचे नाही.

राज्यसंस्थेच्या अंगाने कौटिल्य याच ठिकाणी पोहोचतो. अर्थशास्त्रात बायकामुलांची तजवीज न करता संन्यास घेणाऱ्याला दंड आहे, आणि त्याच प्रकरणात अनाथ बालकांचे भरणपोषण राजाने करावे असेही सांगितले आहे. म्हणजे कुटुंबाची जबाबदारी राज्याने काढून घ्यायची नाही, पण कुटुंब जिथे अपुरे पडते तिथे बघ्याची भूमिकाही घ्यायची नाही.

आजच्या भारतात साहाय्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला रोख रकमेचा: प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरा मालकावरील बंधनाचा: मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणे बंधनकारक केले. तिसरा सार्वजनिक पाळणाघराचा, ज्यासाठी केंद्राची ‘पालना’ योजना आहे.

यांपैकी निवड करताना रोख रकमेच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद आहे: मूल आजीजवळ ठेवावे की पाळणाघरात, हे आईबापांनी ठरवावे, शासनाने नव्हे. घरात आजी आहे किंवा गल्लीत विश्वासाचे पाळणाघर आहे, तिथे हा युक्तिवाद पूर्णपणे खरा ठरतो. अमर्त्य सेन यांनी क्षमतेचा जो विचार मांडला, म्हणजे हाती आलेल्या साधनाचे माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो याचा, तो मात्र पुढचा प्रश्न विचारायला लावतो.

बीडहून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला, ज्याला त्या व्यवसायात ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळालेली असते आणि ती पूर्ण हंगामभर अंगमेहनतीने फेडायची असते. पहाटे अंधारात तोड सुरू होते, बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत किंवा पाचटावर, बहुधा पाच-सात वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात, आणि त्या बहिणीची शाळा त्यामुळे सुटलेली. या आईच्या खात्यात रक्कम जमा झाली तरी फडावर विकत घेण्यासारखे पाळणाघर नसते, आणि मजुरी मुकादमामार्फत चालत असल्याने कारखाना तिला आपली कर्मचारी मानत नाही; त्यामुळे पन्नासांच्या गणतीत ती धरलीच जात नाही. तिच्यापुढे तीन पर्याय ठेवले असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण प्रत्यक्षात तिला एकही निवडता येत नाही.

मनुष्यऋण मानायचे तर फेडीची सुरुवात अशाच मुलापासून व्हायला हवी. सार्वजनिक पाळणाघर आधी आणि रोख रक्कम त्याच्या जोडीला, हा क्रम म्हणूनच योग्य आहे, आणि ते पाळणाघर हंगाम सुरू होण्यापूर्वी मजुरांच्या कोप्यांजवळ, शासन आणि साखर कारखाना यांच्या संयुक्त खर्चाने उभे राहिले पाहिजे.