पहिल्या पानावरची बाई

मानवी देहाच्या रचनेवरचा आंद्रेआस व्हेसालियसचा लॅटिन ग्रंथ १५४३ साली बाझलमध्ये छापला गेला, तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. ग्रंथाच्या पहिल्याच पानावर एक चित्र आहे. ही गर्दी उसळलेली, माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावताहेत. मधोमध टेबलावर एका बाईचं प्रेत, पोट उघडलेलं. शेजारी खुद्द व्हेसालियस, त्याचा हात तिच्या देहावर.

त्या हाताचं मोल फार मोठं आहे. तोवर विद्यापीठांत शवविच्छेदन व्हायचं ते असं, की प्राध्यापक उंच आसनावरून प्राचीन वैद्य गेलनचं वचन वाचणार आणि खाली सुरी चालवणार न्हावी. गेलन होऊन तेराशे वर्षं उलटलेली. त्याने तपासली होती ती माकडं आणि डुकरं. तरी शब्द प्रमाण त्याचाच. व्हेसालियसने सुरी स्वतः हातात घेतली आणि सांगितलं, माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा नाही, एकाच हाडाचा आहे. आत्ता दात घासताना आपल्या बोटांना लागला, तोच हा जबडा. तो नीट पाहायला एवढी शतकं जावी लागली.

पण माझी नजर पुन्हा पुन्हा त्या बाईकडे वळते. एका फाशी गेलेल्या बाईची हकिगत व्हेसालियसने ग्रंथात दिली आहे. चित्रातली ती हीच, असं काही अभ्यासक मानतात. फाशी टळावी म्हणून तिने आपल्याला दिवस गेल्याचं सांगितलं. सुइणींनी तपासलं, ते खरं निघालं नाही. जगण्यासाठीची तिची शेवटची धडपड त्याने लिहिली, तिचं नाव मात्र नाही लिहिलं. ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी बाझलमध्ये त्याने याकोब कारर या गुन्हेगाराच्या देहाचं जाहीर विच्छेदन केलं. काररचा सांगाडा तिथल्या संग्रहालयात आजही आहे, नावासकट.

पुढे १५९५ साली इटलीतल्या पादुआत सहा मजली लाकडी सज्जांचं कायमचं शरीररचना-सभागृह झालं. इंग्लंडने १७५२च्या कायद्याने खुन्यांच्या शिक्षेतच विच्छेदन घातलं. १८३२च्या कायद्याने ती पाळी बेवारस गरिबांवर आणली, आणि हे मला अधिक क्रूर वाटतं. त्यांचा तर काहीच गुन्हा नव्हता. माणसाला माणसाचं शरीर कळलं ते अशा, कुणीही संमती न विचारलेल्या देहांवरून.

आता आपल्याकडे लोक जिवंतपणीच देहदानाचा अर्ज भरतात. वर स्वतःचं नाव, खाली वारसांची सही. मग कधीतरी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुलं त्या टेबलाभोवती जमतात, हात जोडतात, शपथ घेतात. सतरा-अठरा वर्षांची मुलं, अंगावर नवे कोरे पांढरे कोट. बरीचशी डोळे पुसत असतात. फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबतं.