मांगरातला पाहुणा

देशावरच्या वाचकाला मांगर हा शब्द बहुधा नवा वाटेल. वेंगुर्ला-मालवणकडे राहत्या घरापासून थोड्या अंतरावर, शेताच्या किंवा बागेच्या कडेला जी कौलारू वास्तू असते, तिला मांगर म्हणतात. गुरे बांधायची ती तिथे, पेंढा साठवायचा तो तिथे. नांगर, जू, इरली, भाताच्या मुड्या, नारळांचा ढीग, थोडक्यात घरात ज्याला जागा नाही ते सारे मांगरात. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, वर मंगलोरी कौले, पुढे सारवलेले खळे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात माणसाइतकीच गुराला आणि वैरणीला कोरडी जागा लागते, आणि मांगराचा जन्म या गरजेतून झाला. तो बांधताना सौंदर्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही. ऊन कुठून येते, पाऊस कुठून झोडपतो आणि शेणगोमूत्र कुठून वाहून जाईल, एवढाच त्यात हिशेब असे.

तो हिशेब आता बदलला आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला, १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली आणि २०२१ साली चिपीला विमाने उतरू लागली. त्याच्या कितीतरी आधीपासून या भागातले हात मुंबईला गेलेलेच होते. मागे राहिलेल्यांच्या शेतात बैलांच्या जागी पॉवर टिलर आला. गुरे गेली आणि मांगर ओस पडले. एका बाजूला रिकामे मांगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र पाहायला येणारे पाहुणे, या दोघांची कुठेतरी गाठ पडायचीच होती.

वेंगुर्ल्याजवळच्या अशाच एका मांगरात गेल्या मे महिन्यात आम्ही तीन रात्री राहिलो. गव्हाण होती तशीच ठेवून तिच्यावर फळी टाकली होती, आणि त्या फळीवर पाहुण्यांच्या बॅगा ठेवायच्या. दावी बांधायचे खुंटे भिंतीत तसेच होते, त्यांवर आम्ही टॉवेल वाळत घातले. पेंढ्याच्या माळ्यावर गाद्या आणि मच्छरदाण्या होत्या. पश्चिमेची भिंत फोडून खिडकी काढली होती, आणि तिच्यातून माडांच्या पलीकडे समुद्राची एक निळी पट्टी दिसे. भिंतींना गिलावा नव्हता. मालकाचे स्वतःचे घर शंभर पावलांवर होते. त्याला गिलावा होता, वर स्लॅब होता, जमिनीवर चकचकीत फरशी होती. पाहुण्यांना उघडा जांभा आवडतो म्हणून मांगर तसाच ठेवला, असे त्याने सांगितले. स्वतःला काय आवडते हे त्याचे घर सांगतच होते.

त्या तीन रात्री मी फार सुखात होतो, हे आधीच सांगून टाकतो. कौलांखालचा गारवा, भरतीचा आवाज, सकाळी खळ्यात बसून घेतलेला चहा, यांत खोटे काही नव्हते. प्रश्न उभा राहिला तो मालकाच्या आईच्या एका साध्या बोलण्यावरून. आम्ही माळ्यावर निजतो हे ऐकून तिला गंमत वाटली. ती म्हणाली, “गुरुजी, आमचो गडीय हयच निजायचो. गाय कधी व्यातली ता काय सांगूक येता?” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि टोमणाही नव्हता. आपल्या घरातली एक जुनी हकीकत तिने सांगितली, इतकेच. पण त्यामुळे माझ्या ध्यानात आले की त्याच माळ्यावर, त्याच कौलांखाली, तोच समुद्र ऐकत एक माणूस वर्षानुवर्षे झोपत आला होता, आणि आपण आज किती सुखात आहोत असे त्याच्या मनात कधी आले असण्याचा संभव फार थोडा. जागा एकच. मग माझे सुख आले कुठून? आणि ते निर्दोष आहे काय?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. पहिले उत्तर असे, की दुसऱ्याच्या कष्टाच्या जागेत मौज करणे हेच मुळी पाप. पण माझ्या शरमेने त्या गड्याची एकही रात्र हलकी होत नाही. उलट पाहुणे आले नसते तर तो मांगर दोन पावसाळ्यांत खचला असता, आणि त्या घरातल्या मुलाला मुंबईची वाट धरावी लागली असती. म्हातारीला शेण काढण्यापेक्षा चादरी बदलणे सोपे वाटते, तसे तिने सांगितलेही. दुसरे उत्तर असे, की हा रोखीचा व्यवहार आहे, त्यांनी जागा दिली, आपण पैसे दिले, यात नीतीचा प्रश्न कुठे येतो? बिलापुरते हे खरे आहे. परंतु अशा मुक्कामाहून आपण बिलात न लिहिलेली एक वस्तू घेऊन परततो, आणि माझा प्रश्न त्या वस्तूविषयी आहे.

एडवर्ड बलो या सौंदर्यशास्त्रज्ञाने १९१२ साली लिहिलेल्या एका निबंधात समुद्रावरच्या धुक्याचे उदाहरण घेतले आहे. धुक्यात सापडलेल्या जहाजावर भीती आणि खोळंबा यांशिवाय दुसरे काय असणार? तरीही एखादा प्रवासी त्या भीतीपासून मनाने क्षणभर दूर झाला, तर तेच धुके त्याला विलक्षण सुंदर दिसू लागते. या अंतराशिवाय सौंदर्याचा अनुभव नाही, असे बलोचे म्हणणे. ते मला पटते. मांगराचे सौंदर्य मला दिसले ते मी त्याच्या गरजेपासून दूर होतो म्हणून. त्यात गैर काही नाही. फक्त एवढे विसरू नये, की जहाज हाकणाऱ्याला धुक्यापासून असे दूर होता येत नाही. तो दूर झाला तर जहाज खडकावर जाईल. गाभण गाईची राखण करणारा गडी हा त्या अर्थाने जहाज हाकणारा होता आणि मी प्रवासी.

सौंदर्य पाहून प्रवासी गप्प बसला असता तर मला काही लिहायचे नव्हते. पण तो गप्प बसत नाही. घरी परतताना त्याच्या ओठांवर एक वाक्य असतेच: “माणसाला सुखी व्हायला लागते तरी किती थोडे! ही माणसे पाहा, काही नसून किती समाधानी!” बिलात न लिहिलेली वस्तू ती हीच. आपण सौंदर्य भोगतो आणि त्यातून एक उपदेश काढतो, तोही दुसऱ्याच्या नावाने.

साधेपणाचा सर्वांत मोठा आधुनिक पुरस्कर्ता जो थोरो, त्याचे उदाहरण येथे फार बोलके आहे. १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी त्याने स्वतःच्या हाताने झोपडी बांधली आणि दोन वर्षांहून थोडा अधिक काळ तो तिथे राहिला. झोपडीचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट, हा हिशेब त्याने चोख मांडला आहे. त्या झोपडीच्या फळ्या मिळाव्या म्हणून त्याने जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश रेल्वेमजुराचे खोपटे सव्वाचार डॉलरला विकत घेतले. ठरल्याप्रमाणे पहाटे पाचाला खोपटे रिकामे झाले, आणि सहाच्या सुमारास सारा संसार एका गाठोड्यात बांधून निघालेले ते कुटुंब थोरोला वाटेत भेटले. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. फळ्या त्याच, पण एकाच्या घरी ती गरिबी होती आणि दुसऱ्याच्या घरी ते तत्त्वज्ञान झाले.

पुढे एकदा पावसात अडकून थोरो जॉन फील्ड या दुसऱ्या आयरिश मजुराच्या गळक्या झोपडीत आश्रयाला गेला. फील्ड दुसऱ्याची दलदलीची जमीन कुदळून पोट भरत असे. थोरोने त्याला समजावले, की चहा, कॉफी, लोणी, मांस सोडलेस तर तुला इतके राबावे लागणार नाही. थोरोने उपदेश केला तो मनापासून, आणि स्वतः तसे जगूनच केला. परंतु फील्डला अमेरिकेत येऊन मिळाले होते ते नेमके हेच, की येथे रोज चहा, कॉफी आणि मांस मिळते! पाहुण्याने सोडायला सांगितलेली वस्तू ही यजमानाची एकुलती एक कमाई होती.

थोरोला मी लहान लेखत नाही. गांधीजींना ज्याच्या लिखाणाने बळ दिले, त्याला लहान कोण म्हणेल? आणि साधेपणाला किंमत नाही असेही मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे इतकेच, की निवडलेला साधेपणा आणि वाट्याला आलेला साधेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, जरी त्यांच्या भिंती एकाच जांभ्याच्या असल्या तरी. पहिल्यात माणसाच्या खिशात परतीचे तिकीट असते. ते तिकीट त्याने कधीच वापरले नाही, तरी ते आहे या जाणिवेने रात्र निराळी जाते. गांधीजींनी पंचा नेसला तो बॅरिस्टरचा पोशाख उतरवून. ज्याच्या अंगावर पंचाच होता त्याने काय उतरवायचे?

कोणी म्हणेल, पाहुण्याच्या दोन भाबड्या वाक्यांनी कोणाचे काय बिघडते? बिघडते. त्या वाक्यांतूनच पुढे मते तयार होतात. खेड्यातल्याने घरावर स्लॅब टाकला की आपण नाक मुरडतो, कौले किती छान दिसत होती म्हणून हळहळतो. त्यांना एवढे रुंद रस्ते कशाला, असे रस्त्यावरून मोटारीने जातानाच विचारतो. आणि मी शाळामास्तर असल्यामुळे हे मत मुलांच्या वह्यांत उतरलेलेही मला दिसते. “खेड्यातील जीवन” हा निबंधाचा ठरलेला विषय. खेड्यातलीच मुले त्यात शुद्ध हवा, निर्मळ झरे आणि समाधानी शेतकरी असे ओळीने लिहितात, कारण पुस्तकांतून त्यांना तेच मिळालेले असते. आठवीतल्या एका मुलीने मात्र लिहिले, की आमचा गोठा गळतो, आणि पाऊस वाढला की रात्री मी आणि आई उठून वासरू कोरड्या बाजूला नेतो. सकाळी शाळेत मला झोप येते. मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. काही मुले हसली, मग हसायची थांबली. पुढच्या आठवड्यात आणखी तिघांच्या वह्यांत खरे गोठे आले. स्वतःच्या घराविषयी खरे बोलण्याची मुभा मुलांना हवी असते. पाहुण्यांचे गोड वाक्य नकळत ती मुभाच काढून घेते, कारण यजमानाने आपले आयुष्य आपल्या डोळ्यांनी पाहण्याआधीच आपण त्याला नाव देऊन बसलेलो असतो.

तेव्हा पाहुण्याने वागावे कसे? मला सुचते ते फार अवघड नाही. आनंद घ्यावा, मोबदला घासाघीस न करता द्यावा, आणि जी जागा आपण भोगतो तिथे पूर्वी काय चालत असे ते विचारावे. सांगणारे माणूस अजून हयात असेल तर त्याचे ऐकावे. साधेपणाचा धडा मिळालाच तर तो घरी नेऊन आपल्याच कपाटावर आणि आपल्याच हव्यासावर चालवावा. स्वतःला सांगितला तर तो विवेक ठरतो, आणि ज्याने त्यातून सुटण्यासाठी जन्म घालवला त्याला सांगितला तर तो नुसता उद्धटपणा होतो.

वास्तूंना स्वतःला याचे काहीच नसते. थोरो वॉल्डनहून निघून गेल्यावर त्याची ती झोपडी पुढे विकली गेली, शेतकऱ्यांनी ती उचलून दुसरीकडे नेली आणि तिच्यात धान्य साठवले. जगातल्या एका प्रसिद्ध घराचा अखेर मांगरच झाला. कोकणातल्या मांगरांतही उद्या पुन्हा पेंढा भरावा लागेल, कोणी सांगावे? तसे झाले तर खिडकीतून दिसणारी ती समुद्राची निळी पट्टी चिरे लावून बुजवली जाईल, कारण पावसाळ्यात तिथूनच वैरण भिजेल. आणि बुजवणाऱ्याचे काही चुकले असे म्हणण्याचा अधिकार आम्हा पाहुण्यांना असणार नाही.